जावईबापूंचं खानदानी तैलचित्र

शनिवार, ३ मे
आयर्लंडातला किलकेनीचा जुना किल्ला पाहिला. बाकीचे कॅफेत, मी एकटाच तैलचित्रांपाशी. इंग्लिश लॉर्ड लोकांना मानलं पाहिजे. स्वतः काही करायचं नाही. पायाशी शिकारी कुत्रा, मागे मखमली पडदा, हातात एकच ग्लोव्ह, लांबवर स्वतःची जमीन. बघणारा आपोआप नमतो.

निश्चय: आपलंही असं चित्र हवं. पुढच्या महिन्यात सासरे नागपूरहून येतायत. रिटायर्ड सर्जन. लग्नाला बारा वर्षं झाली, तरी मला नावाने हाक म्हणून नाही. 'केतकीचे मिस्टर, कॉम्प्युटरमध्ये असतात.' या खेपेला संग्राम म्हणायला लावतो की नाही बघा.

रविवार, ४ मे
शेजारची आयरिश फिनोला शाळेत चित्रकला शिकवायची. तिला गळ घातली. म्हणाली, असल्या लॉर्डांना घालवता घालवता आमच्या पिढ्या गेल्या आणि तू परत आणतोस होय! पण तयार झाली. वर स्वतःचा वुल्फहाउंड, हा वासराएवढा शिकारी कुत्रा, तोही देते म्हणाली. केतकीने विचारलं, तुला कुत्र्यांची भीती वाटते ना? भीती नाही. आदर.

शनिवार, १० मे, सकाळ
पहिली बैठक. ग्लोव्ह शोधला. भांडी घासायचा पिवळा सापडला, शेवटी सायकलचा घातला. पडद्याला केतकीचा शालू मागितला, तिने ब्लँकेट दिलं. लग्नातला फेटा बांधला. त्यांना विग, आपल्याला फेटा. लेकीने, रेवाने, इंग्लिशमध्ये विचारलं की आज लग्न कुणाचं आहे. या पिढीला इतिहासाची जाण नाही.

दुपार
उंच पाठीच्या खुर्चीत मी बसणार होतो. कुत्रा आधी बसला. उठवायला गेलो तर गुरगुरला. मग विचार केला, बसण्यात कसला आलाय रुबाब? ऑफिसात दिवसभर बसतोच की. उभा राहिलो. फिनोलाने पट्टा माझ्या हातात दिला.

रविवार, १८ मे
मागे स्वतःची जमीन हवी. आमचा फ्लॅट डब्लिनजवळ डून लेरीत, तोही भाड्याचा. फिनोला म्हणाली, खिडकीतून दिसेल तेच काढीन. म्हणजे डार्ट लोकलचं स्टेशन आणि समुद्र. समुद्र चालेल. सातबारा कोण मागतोय? पाय भयंकर दुखतायत. कुत्रा खुर्चीत घोरतोय.

शनिवार, ३१ मे
चित्र पूर्ण. कुत्र्याच्या डोळ्यांत काय तेज! मी डावीकडे, जरा अंधारात. फिनोला म्हणाली, ग्रँड. इथे पावसालाही ग्रँड म्हणतात, पण तिचा सूर वेगळा होता. केतकी बराच वेळ बघत राहिली, मग किचनमध्ये प्रेस, म्हणजे इथलं कपाट, उघडून त्यात तोंड घालून उभी राहिली. खांदे हलत होते. भरून आलं असणार बिचारीला.

शनिवार, ७ जून
सासरे पोचले. मी फेटा बांधूनच दार उघडलं, म्हणजे साम्य चटकन लक्षात यावं. ते थेट चित्रासमोर. चष्मा पुसला, परत लावला, हात मागे बांधून उभे राहिले.

शेवटी म्हणाले, "वा! काय खानदानी जनावर आहे. आणि पट्टा धरणारा नोकरही झकास उतरलाय. जुन्या इंग्लिश चित्रांत असाच असायचा, फेटेवाला, कोपऱ्यात. यांचे मालक कोण?"

मला म्हणायचं होतं, मी. तोंडून निघालं, "शेजारच्या फिनोलाबाई."

मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. फेट्याकडे. परत चित्राकडे. केतकीसुद्धा हसली नाही, तेच जास्त लागलं.

सासऱ्यांनी चष्मा काढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फार वेळ उभं राहावं लागलं असेल, संग्रामराव. बसा आता."

बारा वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं. कीव येऊन घेतलं.

बसलो.