घासायचं मशीन

बाबा, परवा मी मुलुंडला जाऊन लाकूड घासायचं मशीन विकत आणलं. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेवढ्या काळात तुम्हाला सांगण्यासारखं बरंच काही घडून गेलं, तेव्हा कधी कागद घेतला नाही. आज घेतलाय, आणि सुरुवात मशीनपासून करतेय, कारण बाकीचं कुठून सांगायचं ते कळत नाही.

आई आता माझ्याजवळ नाहूरला असते. चालते, पण भिंत धरून. खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये दोनदा पडली. मी भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घेतला, तर म्हणते, गार लागतो, आणि त्याला सोडून पुन्हा भिंतच धरते. तुम्ही लग्नानंतर केलेला सागवानी पलंग या घरात मावला नाही म्हणून मोडावा लागला, तेव्हा त्याच्या बाजूच्या दोन लांब पट्ट्या मी माळ्यावर ठेवल्या होत्या. स्टीलच्या दांड्याच्या जागी लावायला त्या खाली काढल्या. तुमच्याच रंध्यानं कडा गोल केल्या. तुम्ही शिकवलं होतंत तेवढं अजून हातात आहे. पण जुनं पॉलिश निघेना, आणि आईचा हात आता कांद्याच्या पापुद्र्यासारखा झालाय. एक बारीक कुसळ गेलं तरी आठ दिवस पिकतं. नुसत्या पॉलिश पेपरनं घासायला बसले, तर माझ्या खांद्यानं दुसऱ्या दिवशीच दगा दिला.

दुकानदारानं तीन मशीनं काढून काउंटरवर ठेवली. एक पट्ट्याचं, एक चौकोनी, एक गोल तव्याचं. पट्ट्याचं म्हणजे राक्षस, ताई, तो म्हणाला, जरा हात थांबला की खड्डा. चौकोनी स्वस्त, हलकं, कोपऱ्यात जातं. गोल फिरतंही आणि थरथरतंही, त्यामुळे लाकडावर ओरखडे राहत नाहीत. मी विचारलं, "धूळ कुठे जाते?"

"धूळ म्हणजे उडणारच ना ताई. लाकूड आहे."

"पण कुठे जाते?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग गोल मशीन उलटं करून तव्यावरची भोकं दाखवली. कागदालाही तशीच भोकं असतात, ती जुळवून लावायची, धूळ आतून ओढली जाऊन मागच्या पिशवीत पडते. पिशवी काढून घरच्या व्हॅक्युमचा पाइपही जोडता येतो. "सगळी नाही जात," तो म्हणाला, "पण बरीच जाते. लोक पॉवर विचारतात, गॅरंटी विचारतात. पिशवीचं कोणी विचारत नाही." मी ते गोल घेतलं. पाइप घेतला, मास्क घेतले, ऐंशी, एकशेवीस आणि दोनशेवीस नंबरचे कागद घेतले. नंबर उडवायचा नाही, असं तुम्ही म्हणायचात. ऐंशीवरून एकदम दोनशेवीसवर उडी मारली की लाकूड वरून गुळगुळीत दिसतं, पण पॉलिश चढलं की आतले चरे ओरडून सांगतात.

घाटकोपरचा तो कारखाना तुम्हाला आठवत असेल. पत्र्याची शेड, एकच शटर, खिडकी नाहीच. मी बारावीत आहे. सुट्टी लागलीय म्हणून तुमचा डबा घेऊन येते. शेठनं नवीन मशीन आणलंय आणि शेडमध्ये पीठ उधळावं तसा भुसा तरंगतोय. माणसांच्या भुवया पांढऱ्या झाल्यात. त्या काळात त्या मशीनला पिशवी नव्हती, का शेठनं लावली नव्हती, मला माहीत नाही. तुम्ही कोपऱ्यात पाठ करून बसलाय आणि एका टेबलाचा पाय हातानं घासताय. शेठ तुमच्यासमोर उभा आहे. "अरे, मशीन घे, नाहीतर उद्यापासून टेम्पो भरायला जा." तुम्ही म्हणता, "शेठ, माका श्वास नाय घेवक मिळत त्याच्यात." बाकीचे हसतात. मला त्या हसण्याची लाज वाटते. माझ्या वर्गातल्या मुलींचे वडील ऑफिसात कॉम्प्युटर शिकत होते, आणि माझे वडील एका मशीनला घाबरले होते. असंच वाटलं मला. डबा खाली आपटून मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, जग कुठे गेलं बघा. तुम्ही असेच राहणार. अडाणी."

तुम्ही डबा उघडलात, झाकणावरचा भुसा फुंकलात, आणि म्हणालात, "तू जेवलंस काय गो बाय?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही मशीन घेतलंत. पुढची बारा वर्षं तेच केलंत. ओला रुमाल तोंडाला बांधायचात. तो घरी आला की आई दोन पाण्यांत धुवायची, आणि पहिलं पाणी चहासारखं निघायचं. मी ते पाहिलं होतं, बाबा. मोरीत उभी राहून पाहिलं होतं, आणि कॉलेजला निघून गेले होते.

मग तुम्हाला जिना चढवेना. सरकारी हॉस्पिटलात मीच घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला. म्हणाल्या, फुप्फुसं आतून कडक झालीत. मग विचारलं, "काम कसलं करत होता? धुळीत होता का?" मी तोंड उघडलं होतं. त्याआधी तुम्ही म्हणालात, "नाय हो. हातानं काम. साधा सुतार मी." आणि माझ्याकडे पाहिलंतही नाही. मला तेव्हा वाटलं, तुम्ही शेठला वाचवताय. तुमची गरीब माणसाची सवय, असं मी रागानं आईला बोलूनही दाखवलं. अकरा महिन्यांनी तुम्ही गेलात. शेवटी शेवटी बसूनच झोपायचात, उशी मांडीवर घेऊन, तिच्यावर कपाळ टेकून.

काल पट्टी पुरी झाली. बाल्कनीत बसून, घराचं दार लावून, मास्क बांधून, पाइप जोडून घासली. तरी संध्याकाळी लादीवर बोट फिरवलं तर धूळ होतीच. तेल लावून भिंतीला बसवली आणि आईला आणलं. तिनं हात ठेवला, पुढे सरकली, पुन्हा मागे आली. दोन वेळा चालून झाल्यावर म्हणाली, "ह्या बरां झाला." मग विचारलं, "हातानं केलंस?"

"मशीननं."

तिनं पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग सहज, भाजीबद्दल बोलावं तसं म्हणाली, "तू बोललंस म्हणान तेणी ती मशीन घेतली. त्या रात्री जेवले नाय. माका म्हणाले, आपला चेडू शिकलासा, तां बोलतां तां खरांच असतला."

मी विचारलं, "काय बोलले होते मी?"

"तुका ठावक."

"मला नाही आठवत, आई."

"नाय ना? बरां झाला," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरंच हायसं वाटल्यासारखं झालं. मग ती पट्टी धरून खोलीत गेली, आणि मी व्हॅक्युम सुरू केला, आवाज व्हावा म्हणून.

म्हणजे डॉक्टरांसमोर तुम्ही शेठला वाचवत नव्हता. एवढं कळायला मला जवळजवळ वीस वर्षं लागली, आणि कळलं तेही आईच्या तोंडून.

आई आत जागीच आहे. तिची नजर आता अक्षरावर ठरत नाही, तेव्हा हे तिला वाचून दाखवायला हवं. तिलाच, कारण आता दुसरं कोणी नाही. पण दाखवणार नाही. तिला हायसं वाटलं ते मला मोडवत नाही, असं मी स्वतःला सांगतेय. खरं म्हणजे मला तो शब्द तिच्यासमोर पुन्हा उच्चारायचा नाही. आठवतो, बाबा. नीट आठवतो.