काही विचारायचं राहिलं का?

११, सोमवार

एकोणीस दिवस. तीस तारखेला खोली रिकामी करायची. मालकांनी दारातूनच सांगितलं, आतही आले नाहीत.

कारण, मी लेखी तक्रार दिली. बाथरूममधल्या गॅस गिझरचा धूर बाहेर नेणारी नळी भिंतीत शिरण्याआधीच फुटली आहे. धूर आतच राहतो. दोन महिने माझं डोकं दुखत होतं आणि मी चष्म्याचा नंबर तपासून आले! मग लॅबमधलं वायुमापक घरी आणलं. दार बंद, गिझर चालू, दहा मिनिटं — १४०. आमच्याकडे ३५ ला भोंगा वाजतो आणि सगळे बाहेर पळतात. धुरातल्या या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, रंग नाही, वास नाही.

मालक म्हणाले, "आठ वर्षांत कोणी मेलं नाही." आणि जाताना, "एवढ्या हुशार आहात तर स्वतःचं घर बांधा."

१२, मंगळवार

खोली बघताना काय विचारायचं, त्याची यादी केली. पाणी किती वाजता येतं, किती वेळ. खिडकी पूर्ण उघडते का — उघडून बघायची, विचारायचं नाही. भिंतीला ओल आहे का — कपाट सरकवून बघायचं. किल्ल्या किती, दुसरी कोणाकडे. गिझर कशावर चालतो, धूर कुठे जातो. आधीचा भाडेकरू का गेला.

आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित: मी एकटीच राहणार ना? अर्ध्या खोलीची भागीदारी नको. वसतिगृहात चार वर्षं काढली, पुरे.

१४, गुरुवार

तीन खोल्या बघितल्या. माझी यादी पर्समध्येच राहिली, प्रश्न त्यांनीच विचारले. लग्न कधी? घरी कोण? रात्रपाळी असते का? भेटायला कोण कोण येतं? एका आजोबांना मी फक्त एवढंच विचारलं की दुसरी किल्ली कोणाकडे असते. ते बायकोकडे वळून म्हणाले, "ही खोली बघायला आलीय की धाड घालायला?"

दुसऱ्या ठिकाणी खिडकीला खिळे मारले होते. तिसऱ्या ठिकाणी खोली छान होती. फक्त मुलींना देत नाहीत.

१७, रविवार

दादाचा फोन. "झाली का हौस? सामान बांध, मी येतो न्यायला." मी म्हटलं, बघते. "काय बघतेस? इथे काय कोणी खातंय तुला?"

खात नाही. पण तिथे गेले की नोकरी संपली. त्या गावात माझ्या कामाची एकही लॅब नाही. सहा महिन्यांत कोणाच्या तरी पुढे पोहे घेऊन उभी असेन. हे त्याला ठाऊक आहे, मलाही.

आज दोन खोल्या. दोन्ही गेलेल्या.

१८, सोमवार

मालक आले. आवाजात साखर. "नवीन घरमालक माझ्याकडे चौकशी करणारच. मी चांगलंच सांगीन हो! फक्त खोली बघायला माणसं येतील, त्यांच्यापुढे तुमचं ते मोजमाप काढू नका."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. त्यांना तेवढं पुरलं.

२०, बुधवार

खोली!!

शिलाईचं काम करणाऱ्या एक बाई, साठीच्या पुढच्या. खाली मशीन, वर खोली. खिडकी पूर्ण उघडते. विजेचा गिझर. किल्ल्या दोन, दोन्ही मला. आधीची भाडेकरू बदली होऊन गेली. तिचं पत्र येतं, दाखवलं.

"दहा बाय बारा आहे," बाई म्हणाल्या. मी टेप काढला. दहा फूट बाय अकरा फूट नऊ इंच. तसं त्यांना सांगितलं. मला वाटलं, संपलं. त्या हसल्या. "खांदा साडेचौदा इंच तुझा. टेप न लावता सांगते."

मग म्हणाल्या, "दोघी असत्या तर बरं झालं असतं. एकटं माणूस तापानं फणफणलं तर खाली कळतही नाही." मी म्हटलं, एकटीच. "बरं बाई."

शनिवारी त्या माझ्या मालकांना फोन करणार. सगळं त्यावर.

२१, गुरुवार

लॅबमध्ये उपकरणं तपासताना दोन वाचनं चुकली, पुन्हा घेतली. दहा दिवसही नाहीत.

२२, शुक्रवार

मालक एका मुलीला खोली दाखवायला घेऊन आले. विशीची असेल. एक तारखेपासून स्टेशनमागच्या दाताच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागणार. तळहातावर पेनानं प्रश्न लिहून आणले होते! पाणी किती वाजता येतं? सहा ते आठ, मी सांगितलं. ओल आहे का? नाही. शेजार कसा आहे? शांत. तिनं विचारलं त्याचं प्रत्येक उत्तर खरं दिलं. तिच्या हातावर गिझर नव्हता.

बाथरूममध्ये जरा जास्त वेळ थांबली. बाहेर आली, हात उलटसुलट करून बघितला, आणि म्हणाली, "ताई, माझं काही विचारायचं राहिलं का?"

मागे मालकांच्या हातात किल्ल्या वाजत होत्या.

मी म्हटलं, "नाही."

आमच्या कामात एक नियम आहे. बिघडलेलं उपकरण आलं की आधी हात न लावता, आहे तसं वाचन लिहायचं. मग दुरुस्ती. आहे तसं लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं. पाच वर्षांत मी एकदाही चुकवलेलं नाही.

२३, शनिवार

बाईंचा फोन. "तुझा मालक फारच गोड बोलला गं. जाणाऱ्या भाडेकरूचं एवढं कौतुक? कापड फार चमकलं की मी आधी उलटं करून बघते. आता तू सांग. का सोडतेस ती खोली?"

माझाच प्रश्न. यादीतला शेवटचा.

सगळं सांगितलं. १४०, तक्रार, मालकांची साखर. ती मुलगीही. फोनवर मागे मशीन चालू होतं, ते थांबलं.

"खोली तुझी," बाई म्हणाल्या. मशीन पुन्हा चालू करता करता, "पण त्या पोरीचं काय?"

२४, रविवार

खोली मिळाली. तेरा दिवस हेच एक वाक्य लिहायची वाट बघत होते. लिहिलं. काही वाटत नाही.

२५, सोमवार

लॅबमधून अर्धी रजा. स्टेशनमागे दाताचे दवाखाने तीन. तिसऱ्यात सापडली, कामाची माहिती घ्यायला आली होती. पायरीवर उभी राहून मी सगळं एका दमात सांगितलं.

ती म्हणाली, "मला माहीत आहे, ताई. माझे वडील स्टोव्ह दुरुस्त करायचे. गिझरच्या वर काजळी धरलीय, ती बघितली मी."

मग विचारलंस कशाला?

"तुम्ही सांगता का ते बघायचं होतं."

मला खाली बघावं लागलं.

तरी घेणार? — घेणार. सहा जणांनी नाही म्हटलंय. "गिझर लावायचाच नाही ना! गार पाण्यानं कोणी मरत नाही."

मी म्हटलं, लावशील. १४० मोजल्यानंतरही मी एकदा लावला होता. अंगात ताप होता, शेगडीवर पाणी ठेवायला उभं राहवेना. दार उघडं ठेवलं आणि लावला. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नव्हतं, या वहीलाही नाही.

"मग काय करू? सांगा ना! रस्त्यावर राहू?"

तिचा नंबर घेतला आणि निघाले.

२६, मंगळवार

बाईंकडे जाऊन खोली पुन्हा मोजली. दोन खाटा बसतात. कपाट धरून मधे दोन फूट तीन इंच उरतात. बाईंनी दुसरी किल्ली माझ्या हातातल्या जुडग्यातून सोडवून वेगळी दिली.

मुलीला फोन केला. दोन खाटा बसतात, किल्ल्याही दोन आहेत, सांगितलं. मग तिचा पहिला प्रश्न: "ताई, तुम्ही घोरता का?"

माहीत नाही म्हणाले. आजवर सांगणारं कोणी नव्हतं.