पतंग कुणी धरायचा?

आउडडॉर्प,
शनिवार, १७ जानेवारी

प्रिय आरेंड,

तू आणि कोबी, दोघं नवराबायको सुखरूप असाल अशी आशा करतो. देवाच्या कृपेने इकडे ठीक चाललं आहे. सोमवारच्या वादळात शेडच्या छपराची दोन कौलं गेली, एवढंच. हिवाळाभर फाटके पतंग आणि शिडं शिवायला येतात, त्यामुळे रिकामा बसलेलो नाही. दोन वर्षांत मी तुला ओळसुद्धा लिहिली नाही. तुझी नाताळची कार्डं मात्र दर वर्षी येत राहिली. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी मंगळवार सकाळचं सांगतो. त्या सकाळी मी किनाऱ्यावर एका मुलीचा पतंग हातात धरला आणि सोडलाच नाही.

मी समुद्र अडवणाऱ्या धरणाच्या बाजूला फिरायला गेलो होतो. वारा नैर्ऋत्येचा, वाऱ्याच्या मापाने सहाच्या जोराचा, मधूनच सातवर जाणारा. वाळू पायांना टोचत होती. एक मुलगी एकटीच, माणसाला फळीवरून पाण्यावर ओढत नेणाऱ्या मोठ्या पतंगाच्या दोऱ्या लावत बसली होती. तिने हात हलवून मला बोलावलं. कुणीतरी पतंग धरायचा, दोऱ्या ताणल्या की तिने अंगठा दाखवायचा, मग सोडायचा, ही रीत तुला ठाऊकच आहे. मी धरला. पतंग बारा चौरस मीटरचा, त्या वाऱ्याला दुपटीने मोठा, आणि तिच्या अंगावर उन्हाळ्यातला पातळ रबरी सूट, डोक्यावर काही नाही, हातात मोजे नाहीत. तिने अंगठा दाखवला. मी तसाच उभा राहिलो.

"ओ आजोबा, सोडा ना!" ती ओरडली.

मी पतंग वाळूत उलटा पाडला आणि त्याच्यावर बसलो. ती तरातरा चालत आली. तोंड उघडलं होतं ते भांडायलाच, पण जवळ आल्यावर थांबली.

"रिनुसकाका?" मारिनुसचं रिनुस फक्त घरातलेच करतात.

आरेंड, ती तुझी लेना होती. चौदा वर्षांची पाहिली होती, ती वीस वर्षांची होऊन समोर उभी. नाक तुझं, आणि रागाने लाल होणारे कानही तुझेच.

तुम्हाला वाटतंय की ती रॉटरडॅमला अभ्यास करते आहे. ती चार दिवस माझ्याकडे आहे, माझ्या वरच्या खोलीत झोपते आणि माझं वाटाण्याचं सूप दोनदा मागून घेते. मी हे लिहितो आहे, हे तिला माहीत आहे.

मी म्हटलं, शिकायचंच असेल तर मे महिन्यात ये. पाणी एवढं गार नसतं, वारा एकसारखा. ती म्हणाली, "मे महिन्यात परीक्षा असते. आणि वारा हिवाळ्यातच असतो, काका. तुम्ही शिकवा, नाहीतर मी यूट्यूबवर बघून शिकते." मग माझा निरुपाय झाला.

बुधवारपासून तिला शेडमध्ये उभं केलं. सहा मिलिमीटर जाडीचा सूट, डोक्याला घट्ट टोपी, बूट, हातमोजे, वर हेल्मेट, छातीला मार सोसणारं जाकीट. आरशात बघून म्हणाली, "काका, मी सीलमासा दिसते."

"सीलमासा बुडत नाही," मी म्हटलं.

मग दोन दिवस तिला एकच काम दिलं. पतंग ज्या कमरेच्या पट्ट्याला अडकवतात, त्याच्या पुढची लाल मूठ. ती पुढे ढकलली की पतंगाचा सगळा जोर सुटतो आणि तो एका दोरीवर लोळत पडतो. उघड्या हाताने लहान मूलही ते करेल. पण जानेवारीतल्या पाण्यात दहा मिनिटं काढलेल्या हाताला जाड मोज्यातून मूठ कळतच नाही. म्हणून तिला बर्फाच्या बादलीत हात घालायला लावला, डोळे मिटायला लावले, मागून पट्ट्याला धरून ओढलं आणि ओरडलो, "सोड!" पहिल्या दिवशी तीन वेळा चुकली. तिसऱ्यांदा तिने मला अशी शिवी दिली की मी ऐकली नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी चाळीस वेळा केलं आणि एकदाही चुकली नाही.

बाकीचंही सांगितलं. वारा जमिनीकडून पाण्याकडे जात असेल तर घरी बसायचं. नवख्याने समुद्रात जायचं नाही, धरणाच्या आतल्या तळ्यात, कमरेइतक्या पाण्यात राहायचं. चाळीस मिनिटं झाली की बाहेर, थंडी वाजो न वाजो. क्षितिजावर काळा ढग दिसला की तो पोचायच्या आत पतंग खाली. दोऱ्या कापायचा चाकू जाकिटाला बांधलेला हवा. आणि किनाऱ्यावर पतंग धरायला ओळखीचा माणूस असल्याशिवाय पतंग वर जाता कामा नये.

इथे ती म्हणाली, "बाबांच्या वेळी कुणीच नव्हतं ना? म्हणून तर तो अपघात झाला."

मी दोऱ्या गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

आरेंड, आता सहा वर्षांपूर्वीचा तो रविवार लिहितो.

आदल्या रात्री आपलं भांडण झालं होतं. तू म्हणालास, उद्या वारा आहे. मी म्हणालो, उद्या प्रभूचा दिवस आहे, त्या दिवशी मी तुझ्या पतंगाला बोट लावणार नाही. तू हसून म्हणालास, "तुझ्या देवाला वारा चालतो, मग पतंग का नाही?" ते मला लागलं.

सकाळी मी बांधावरून सायकलने प्रार्थनेला निघालो होतो. काळा कोट, खिशात स्तोत्रांचं पुस्तक. वारा वाढला होता. इस्पितळात तू विचारलंस, "मी दिसलोच नाही तुला?" मी म्हणालो, वारा तोंडावर होता, मान खाली होती. तू विश्वास ठेवलास.

मी तुला पाहिलं होतं. तू वाळूवर एकटा होतास, पतंग डोक्यावर थरथरत होता, आणि तू टाळूवर हात आपटत होतास. एकदा, दोनदा, मग पुन्हा. किनाऱ्यावर त्याचा अर्थ एकच असतो, मला उतरायचं आहे, कुणीतरी पतंग धरा. तो मला कळला. सायकल टाकून उतरलो असतो तर दोन मिनिटं लागली असती. मनात म्हटलं, येईल कुणीतरी. आणि खरं लिहायचं तर असंही म्हटलं, जरा कळू दे त्याला. मग मान खाली घातली.

दुसरं स्तोत्र सुरू असताना रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. पुढचं तुला माहीत आहे. पतंगाने तुला धरणाच्या दगडांवर नेऊन आपटलं. कंबर, गुडघा, जहाजावरची नोकरी, सगळं गेलं. तू लाल मूठ ढकललीस, पण उशिरा, आणि हात गारठलेले. ती चूक नवख्याची होती. माझी तशी नव्हती. मी वीस वर्षं लोकांचे पतंग धरत आलो होतो.

तेव्हापासून मी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजाकडे भाकर घ्यायला गेलेलो नाही. आपल्या मंडळीत निम्मे लोक स्वतःला अपात्र समजून बाकावरच बसतात, त्यामुळे कुणी विचारलं नाही. उलट वडीलधारे म्हणतात, मारिनुस नम्र माणूस आहे. तुला लिहायचं थांबवलं तेही याचसाठी. तुझी पत्रं प्रेमाची असायची आणि मला ती सोसवत नसत.

काल दुपारी मी हे सगळं लेनाला सांगितलं. जो आपला पतंग धरणार, तो कोण आहे हे तिला कळायला हवं होतं. ती हेल्मेटचा पट्टा उघडत आणि लावत बसली. मग म्हणाली, "हे बाबांना सांगा. तोवर मी तुमच्याकडे शिकणार नाही."

"आणि दुसरीकडे?"

"ते मी बघेन."

म्हणजे काय ते तू समजशील. मंगळवारी पुन्हा वादळ सांगितलं आहे आणि तो बारा मीटरचा पतंग तिच्याच मालकीचा आहे. हे वाचून तू म्हणशील की माझ्या मुलीच्या जवळ येऊ नकोस. तसं म्हणालास तर मी ऐकेन. पण मग तिला दुसरा चांगला माणूस शोधून दे, एकटी जाऊ देऊ नकोस. जाड सूट, हेल्मेट, जाकीट आणि माझा पाच मीटरचा पतंग मी तिच्या नावाने बांधून ठेवले आहेत. ते घेऊन जाऊ दे.

रविवार

काल हे पत्र घेऊन टपालपेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. पेटी सोमवारी उघडते. म्हणजे आणखी दोन दिवस लपायला मिळाले असते.

आज सकाळी, लेना वर झोपलेली असतानाच, गाडी काढली. शेजारच्या डिर्क्येबाई काळी हॅट घालून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मारिनुस, चर्च त्या बाजूला आहे." मी म्हटलं, "भावाकडे जातोय." "आज? रविवारी?" "हो, आजच." त्यांनी माझ्या हातात पेपरमिंटची पुडी ठेवली.

हार्लिंगेनला पोचेपर्यंत तीन तास लागले. वरची पानं मी आत्ताच तुझ्या दाराच्या फटीतून आत टाकली आहेत आणि बेल वाजवली आहे. हे शेवटचं पान पायरीवर बसून लिहितो आहे. आतून काठी टेकत कुणीतरी आलं आणि खाली वाकून पानं उचलली. आता दाराच्या पलीकडे एकेक पान उलटल्याचा आवाज येतो आहे.

सावकाश वाच, आरेंड. मी कुठेही जात नाही.

तुझा थोरला भाऊ,
मारिनुस