प्युराइल कुणाला म्हणावं

३ जून, सकाळ
सूनबाई फोनवर बहिणीला म्हणाली, आमचे सासरे अगदी प्युराइल आहेत. सूर कौतुकाचा वाटला. डिक्शनरी काढली. 'पोरकट, बालिश.' कोशकारांना काव्य कशाशी खातात ते ठाऊक नसावं. शिवाय शाळा सुटल्यावर नातीला मीच सांभाळतो; तिथे थोडं मूल असणं हे क्वालिफिकेशनच. सकाळी शाळेच्या दारात नेमकं तिचं पोट दुखतं, तेव्हा 'आत गेलं की बरं वाटतं' अशी समजूत मीच घालतो.

५ जून
चिरंजीव म्हणाले, बाबा, असंच चाललं तर तिची दुपारची सोय दुसरीकडे बघावी लागेल. असंच म्हणजे कसं? तर नातीशी पत्ते खेळताना हुकमाचा एक्का माझ्या मोज्यात सापडला! गोष्ट किती ताणायची. माझ्या दुपारी मी जाऊ देणार नाही. आजपासून संपूर्ण प्रौढ.

६ जून
प्रौढपणा उत्तम चालू. क्रीमची बिस्किटं वर्ज्य. नुसतं क्रीम चाटून बिस्किटं डब्यात परत ठेवली. नातीनं चुगली केली. तिला म्हटलं, चुगली हेच खरं प्युराइल. म्हणाली, तो शब्द मला लागू नाही आजोबा, मी लहानच आहे. मोठी माणसं लहानांसारखी वागली की वापरतात. बाईंनी सांगितलंय.
कट्टी केली.

१० जून
बट्टी. शाळेत कवितापाठ आहे, मी शिकवतोय. कविता तीच, चौथीत मी म्हटलेली. खिडकीतून येणारं ऊन, नव्या पुस्तकांचा वास, गुरुजींचे मिटलेले डोळे. बक्षीस मात्र हेडमास्तरांच्या मुलीला. असो. विसरलोय ते.

१४ जून
तिसऱ्या कडव्याआधी नात थांबली. मला राहवेना. स्टेजवर गेलो, हातवाऱ्यांसकट उरलेली कविता म्हटली. वर आणखी एक. टाळ्या पडल्या. बाईंनी स्वतः हात धरून खाली आणलं, केवढा मान. नात घरी येईपर्यंत रडत होती. काव्य असं काळजाला भिडतं.
सूनबाई म्हणाली, ती फक्त श्वास घ्यायला थांबली होती.

१५ जून
जेवताना चर्चा. चिरंजीवांनी विचारलं, दुपारी तुला कुठे ठेवायचं? नात म्हणाली, मी एकटी राहीन की, दहा वर्षांची आहे. आजोबांना ठेवा कुठेतरी.
कुणी हसलं नाही. मी हसलो.

१८ जून, दुपार
ज्येष्ठांचं डे-केअर. वातावरण शांत, चांगलं चिंतन होईल. सोडायला नात आली होती, गळ्यात घराची किल्ली. दारात तिला म्हटलं, पोटात दुखतंय. म्हणाली, आत गेलं की बरं वाटतं.
खिडकीशी उभा राहिलो. तिनं वळून पाहिलं नाही.
इथल्या बाईंनी शर्टाला नावाची चिठ्ठी लावली. मग कविता म्हणायला लावली. दोन कडवी होताच टाळ्या वाजवून म्हणाल्या, शहाणे आहात हं, आणि एक बिस्किट दिलं.
उघडून पाहिलं. आत क्रीम नव्हतं.