पहिला 'नको'

आई,

तू असतीस तर आधी हसली असतीस. नव्वदी ओलांडलेल्या माणसांना उपचारांत नेमकं काय हवंय, हे त्यांनाच विचारायचं आणि तसे उपचार करायचे, यावर मी इथे आयर्लंडमध्ये संशोधन करते. "अगं, त्याला संशोधन कशाला लागतं? विचारायचं की सरळ!" असं म्हणून तू परत कणकेकडे वळली असतीस. पण विचारण्याचीच तर पंचाईत आहे. आमचा नियम असा, की प्रत्येकाला तोच प्रश्न, त्याच शब्दांत, एकदाच विचारायचा. पुन्हा पुन्हा विचारलं की आपलं म्हणणं त्यांच्या तोंडी घातल्यासारखं होतं, असं माझी गाईड म्हणते. आणि इथली म्हातारी माणसं सगळ्याला एकच उत्तर देतात, "ग्रँड." म्हणजे बरं चाललंय, काही नको, माझी काळजी करू नकोस. दुखतंय का? ग्रँड. घरची आठवण येते? ग्रँड.

वॉटरफोर्डजवळच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात असेच एक आजोबा आहेत. जन्मभर त्यांनी शाळेची बस चालवली. बायको गेली, घरात एकटेच राहायचे, पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून चालतात. मुलगी दूर गॉलवे शहरात असते, तिला त्यांना आपल्या घराजवळच्या नर्सिंग होममध्ये न्यायचंय. वाईट नाही गं ती, घाबरलीय बिचारी. उद्या सकाळी त्यावर मीटिंग आहे. नर्सिंग होम चालेल का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आजोबा ग्रँड म्हणाले, मी विचारलं तेव्हाही ग्रँड. मग सगळे धरूनच चाललेत की त्यांची हरकत नाही. मीही धरलं होतं. पण आज सकाळी शेजारच्या पेशंटला भेटायला आलेल्या बाईंनी त्यांना केक दिला. "नको, नको, मी ग्रँड आहे." "घ्या हो, घरी केलाय." "कशाला उगाच त्रास!" "ठेवतेच मी इथे." आणि आजोबांनी तो केक चाटूनपुसून संपवला! मग त्यांचं ते 'ग्रँड' तरी खरं कशावरून?

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. बाबांच्या ऑफिसातले ते काका आलेत, मी उपम्याची बशी पुढे करते, ते "नको, आत्ताच खाऊन आलोय" म्हणतात आणि मी शहाण्यासारखी बशी आत घेऊन येते. तू माझ्या हातातून ती ओढून घेतेस. "पहिला नको खरा मानतात का कुणी? लाजतात माणसं! पुन्हा विचार, मग आणखी एकदा विचार. तेव्हा कुठे खरं बोलतात." काकांनी दोन बश्या उपमा खाल्ला. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या.

म्हणून आज दुपारी मी नियम गुंडाळून ठेवला. दोन कप चहा घेऊन आजोबांजवळ बसले आणि घरी जावंसं वाटतं का, विचारलं. ग्रँड. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "इथले लोक फार चांगले आहेत," म्हणाले. चहा निम्मा झाल्यावर मी परत विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मला घरी जायचंय गं पोरी. थोडे दिवस का होईना. पण लेकीला कसं सांगू? तिच्या जिवाला घोर." उद्या मीटिंगमध्ये मी हे सांगू का, असं विचारलं, तर मानेनेच हो म्हणाले.

तेव्हापासून मला चैन नाही. गाडीत बसूनच हे लिहितेय. तुझ्या आग्रहाला बळी पडून मामांनी जास्तीची पुरणपोळी खाल्ली आणि मग मागच्या दारी जाऊन गुपचूप ओवा चघळत बसले, आठवतं? केवढे हसलो होतो आपण. आता हसू येत नाही. आजोबांना खरंच भूक होती, की मी वाढतच राहिले म्हणून त्यांनी खाल्लं? तू कसं ओळखायचीस गं? ते घरी गेले आणि पुन्हा पडले, फरशीवर एकटे पडून राहिले, तर? आणि मी गप्प बसले आणि ते गॉलवेच्या त्या खोलीत ग्रँड, ग्रँड म्हणत संपले, तर? उद्या मी एवढंच म्हणणार आहे, की लेकीने त्यांच्याजवळ बसून, चहा घेत, घाई न करता स्वतः विचारावं. आणि एकदा विचारून थांबू नये. गाईड रागावेल. रागावू दे.

हे कुठे पाठवायचं, ते काही मला ठाऊक नाही. पण एक सांगायचं राहिलं. मी निघाले तेव्हा आजोबांनी मला विचारलं, "आणि तू? तुला नाही का घरी जावंसं वाटत?" मी लगेच म्हणाले, "मी ग्रँड आहे." त्यांनी मान डोलावली. मी रिकामे कप हातात धरून उगाचच तिथे घुटमळले, नीट असलेलं त्यांचं पांघरूण पुन्हा नीट केलं. त्यांनी परत विचारलं नाही.