ध्यानात आलेला नट

नेवासा, वैशाख शुद्ध दशमी, शके १८९४

श्रीहरीची कृपा असो. तिच्यावाचून आज लेखणी उचलवत नाही.

मागील आठवड्यात तंबूतल्या टॉकीजमध्ये विष्णूचा चित्रपट पाहिला. वहाणा बाहेर काढून साऱ्यांसोबत मीही पडद्याला हात जोडले. विष्णू झालेल्या त्या नटाचे हसू किती प्रसन्न! काल तिथेच दुसरा चित्रपट पाहिला. तोच नट, पण मद्यपी खुनी. हसू मात्र तेच. शेजारी बसलेला भिवा खिदळला, "बुवा, तुमचा देव बाटली घिऊन आला की! जोडा हात!" मीही हसलो. का हसलो?

आज पूजेत डोळे मिटले, तो चाळीस वर्षांच्या ध्यानमूर्तीच्या जागी तो नट उभा. हातात सुरा, आणि ते हसू. तीनदा डोळे उघडले, तीनदा मिटले. पत्नी म्हणाली, "अहो, नैवेद्य निवला. देवाशी भांडलात की काय?"

तिला काय सांगू? अंतकाळी जे रूप समोर येईल तशी गती, असे मीच प्रवचनांत सांगत आलो. त्या क्षणी हाच आला तर? आणि उद्या नवा चित्रपट लागतो आहे. मन आताच तिकडे धावते, याचे भय अधिक.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला शेवटच्या श्वासापर्यंत आपला देव ओळखता येवो.