डबलचा सिंगल

१२ जानेवारी, सोमवार

पलंग कापायचा म्हणे! मीच केलेला, बुद्धभूषणच्या लग्नात. अस्सल साग, एक खिळा नाही की स्क्रू नाही — लाकडात लाकूड बसवलेलं. डोक्याकडची फळी सलग. असं लाकूड आता बघायला मिळत नाही.

त्याची बायको स्नेहल वर्कशॉपवर आली होती. दिवाळीनंतर अचानक गेला तो, हार्ट अटॅकने. "काका, डबलचा सिंगल करून द्या." म्हटलं, बाई, नवा घे, हा राहू दे. तर म्हणाली, "झोपायचं ह्याच्यावरच आहे. पण त्यांची बाजू रिकामी बघवत नाही." सध्या किचनमध्ये चटई टाकून पडते. उद्या माप घ्यायला येतो म्हटलं.

१३ जानेवारी, मंगळवार

बेव्हर्ली पार्कला त्यांच्या फ्लॅटवर जाऊन माप घेतलं. तिची सासू सुगंधाबाई पलंगावर ठाण मांडून बसलेली. "कोंडिरामभाऊ, करवत लावायची नाही. सांगून ठेवते!" का, तर उत्तर नाही. स्नेहल दारातच उभी.

डोकंच फिरलं. मेलेल्या लेकाचा पलंग जपायचा आणि जिवंत सून फरशीवर! तोंडावर बोलणार होतो. पण एकुलता एक गेलाय बाईचा.

१५ जानेवारी, गुरुवार

स्नेहलचा फोन — "काका, कधी?" आज जीवच झाला नाही.

१७ जानेवारी, शनिवार

कापला.

स्क्रू असते तर खोलून इथे आणला असता. माझ्याच हुशारीने माझी जिरवली! त्यांच्या बेडरूममध्येच कापावा लागला. सुगंधाबाई उठेचनात. शेवटी स्नेहल म्हणाली, "आई, मला झोप हवीय हो." तेव्हा उठल्या.

मशीन लावलं नाही. त्या घरात तो आवाज नको वाटला. हातकरवत फळीवर ठेवली आणि रडू आलं. आलं तर आलं, लाज कसली! भुसा सुगंधाबाईंनीच झाडला.

दोन पाय नवे लावून दिले. उरलेला अर्धा टेम्पोत घालून आणलाय. स्टुलं होतील त्याची.

१८ जानेवारी, रविवार

झोप लागली म्हणे पोरीला. बरं झालं.

२२ जानेवारी, गुरुवार

सुगंधाबाई वर्कशॉपवर आल्या. एकट्याच, रिक्षा करून. "उरलेला अर्धा मोडलात का?" नाही म्हटलं. मग बसल्या, पाणी प्यायल्या.

"ठेवा तो. पोरीचं वय काय आहे, भाऊ? त्या दिवशी तिच्यासमोर कसं बोलणार होते मी? उद्या कुणी चांगला मिळाला तिला, तर परत जोडून द्या."

म्हटलं, बाई, सांधा दिसेल.

"दिसू दे."